घराण्यात आहे का?

गेल्या महिन्यात रात्री दवाखाना बंद करण्याच्या वेळी एक गृहस्थ आले. शेवटचा पेशंट उठेपर्यंत बाहेरच्या बाकावर थांबले होते. हातात पुण्याहून आणलेली फाइल, तिच्यात एमआरआयच्या फिल्म. थोरल्या मुलीचे निदान झाले होते : मल्टिपल स्क्लेरॉसिस. मुलगी सव्वीस वर्षांची. मला वाटले, औषधांबद्दल, खर्चाबद्दल विचारतील. त्यांनी फाइल टेबलावर ठेवली, खुर्ची पुढे ओढली आणि हळू आवाजात विचारले, "डॉक्टरसाहेब, हे आनुवंशिक असतं का हो? धाकटीचं बघणं चाललंय."

वाचकहो, हा प्रश्न मला अठ्ठावीस वर्षांत कितीदा तरी विचारला गेला आहे. फिट्सबद्दल, कोडाबद्दल, कंपवाताबद्दल, मानसिक आजाराबद्दल. विचारणारा पुष्कळदा रोग्याची काळजी घेऊन आलेला नसतो, सोयरिकीची काळजी घेऊन आलेला असतो. त्याला मी नावे ठेवत नाही. मुलीच्या बापाला ती असायचीच. पण याच प्रश्नाला मी एकदा जे उत्तर दिले त्याची लाज मला अजून वाटते.

नुकताच दवाखाना टाकला होता. गावातल्या एका घरातील मुलीला हाच आजार होता, मुंबईला जाऊन निदान करून आणलेला. तिच्या बहिणीला स्थळ आले. मुलाकडचे एक मध्यस्थ माझ्या ओळखीचे. ते सहज म्हणून आले, चहा झाला, आणि त्यांनी विचारले. मी नवा डॉक्टर, चार पुस्तके वाचलेला. म्हणालो, "असे आजार घराण्यात असू शकतात." बस, एवढेच. आठ दिवसांत सोयरीक मोडली. मुलीची आई नंतर कधी दवाखान्याची पायरी चढली नाही. बाजारात दिसली की दुसऱ्या बाजूने जायची. माझ्या हातून दोन चुका झाल्या होत्या. पेशंटची गोष्ट तिसऱ्याला सांगण्याचा मला काडीचाही अधिकार नव्हता, ही पहिली आणि मोठी. दुसरी अशी की जे सांगितले ते अर्धवट होते, आणि अर्धवट वैद्यकीय सत्य हे पुष्कळदा खोट्यापेक्षा वाईट काम करते.

आता पूर्ण गोष्ट सांगतो.

मल्टिपल स्क्लेरॉसिस, ज्याला सगळे थोडक्यात एमएस म्हणतात, हा मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार आहे. विजेच्या तारेवर जसे प्लॅस्टिकचे वेष्टण असते तसे मज्जातंतूंवर मायलिन नावाचे आवरण असते. या आजारात शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती वाट चुकते आणि त्या आवरणावर हल्ला करते. जिथे आवरण गेले तिथे संदेश अडखळतात. एका डोळ्याने अचानक धूसर दिसू लागते, पाय बधिर होतात, हाताला मुंग्या येतात, चालताना तोल जातो. काही आठवड्यांनी पुष्कळसे बरे वाटते आणि मग महिन्यांनी, वर्षांनी पुन्हा झटका येतो. बहुधा विशी ते चाळिशीतली माणसे, आणि पुरुषांपेक्षा बायका अधिक. फ्रान्सच्या शार्को या डॉक्टरांनी १८६८ साली पॅरिसमध्ये या आजाराचे व्यवस्थित वर्णन केले, म्हणजे आजार काही नवा नाही. आपल्याकडे निदान होऊ लागले ते एमआरआय आल्यावर. त्याआधी अशा कित्येक बायकांना "अशक्तपणा", "मनाचं आहे" किंवा "बाहेरचं आहे" असे सांगून परत पाठवले गेले असणार.

आता आनुवंशिकतेचे. आपल्या मनात आनुवंशिक आजाराची कल्पना साधी असते : आजोबांना होता, बापाला झाला, म्हणून मुलाला होणार. असे आजार आहेत, नाही असे नाही. मज्जासंस्थेत त्यांचे ठळक उदाहरण म्हणजे हंटिंग्टनचा आजार. हातापायांच्या आपोआप हालचाली, स्वभाव पालटणे, हळूहळू बुद्धी जाणे, हे बहुधा चाळिशीच्या आसपास सुरू होते. आई किंवा वडील यांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला होण्याची शक्यता निम्मी, नाणे उडवल्यासारखी. व्हेनेझुएला देशात माराकायबो सरोवराकाठच्या कोळ्यांच्या वस्त्यांत या आजाराची माणसे फार मोठ्या संख्येने आहेत. ते पहिल्यांदा ओळखले ते १९५० च्या दशकात, निग्रेट्टे नावाच्या तिथल्याच एका डॉक्टरांनी. (आमच्यासारख्या लहान गावातल्या डॉक्टरांना ही गोष्ट वाचून उगीचच बरे वाटते.) पुढे अमेरिकेच्या नॅन्सी वेक्सलर तिथे वर्षानुवर्षे जात राहिल्या. त्यांच्या स्वतःच्या आईला हाच आजार होता. त्यांच्या पथकाने अठरा हजारांवर माणसांची वंशावळ मांडली, चार हजारांवर रक्ताचे नमुने घेतले. १९८३ मध्ये चौथ्या गुणसूत्रावरील जागा सापडली आणि १९९३ मध्ये प्रत्यक्ष जनुक. त्या जनुकात तीन अक्षरांचा एक शब्द पुन्हा पुन्हा येतो. तो ४० किंवा त्याहून जास्त वेळा आला की माणूस पुरेसा जगला तर आजार होणारच. नॅन्सीबाईंनी आपल्यालाही तो आजार असल्याचे २०२० मध्ये जाहीर केले. ज्या वस्त्यांनी आपले रक्त देऊन जगाला हे ज्ञान मिळवून दिले त्या मात्र गरिबीतच राहिल्या, हेही नोंदवून ठेवतो.

आपल्या मुंबईचेही नाव या इतिहासात आहे. डॉ. नोशिर वाडिया यांनी १९७१ मध्ये नऊ कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या रोग्यांची चाल झोकांड्या खाणारी, बोलणे जड, आणि एक वेगळी खूण म्हणजे नजर एकीकडून दुसरीकडे नेताना बुबुळे अगदी सावकाश सरकत. डोळ्यांकडे नीट पाहून केलेले हे निरीक्षण. पंचवीस वर्षांनी, १९९६ मध्ये, लहान मेंदूच्या अशा एका आजाराचे जनुक बाराव्या गुणसूत्रावर सापडले. त्याला आज एससीए-२ म्हणतात आणि वाडियांचे नाव त्याच्याशी कायमचे जोडले गेले आहे. तिथेही तोच प्रकार : एक शब्द वाजवीपेक्षा जास्त वेळा, आणि मुलांना निम्मी शक्यता.

एमएसचे तसे नाही. अजिबात नाही. आणि हे मी धीर देण्यासाठी सांगत नाही, पन्नास वर्षांच्या संशोधनाने हेच सांगितले आहे.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला असे लक्षात आले की एमएसच्या रोग्यांमध्ये सहाव्या गुणसूत्रावरील प्रतिकारशक्तीच्या जनुकांचा एक विशिष्ट प्रकार जास्त प्रमाणात आढळतो. तो प्रकार असेल तर धोका साधारण तिपटीने वाढतो. तिप्पट म्हटल्यावर छातीत धस्स होते. पण मुळात दुर्मीळ गोष्ट तिप्पट झाली तरी दुर्मीळच राहते. युरोपात तो प्रकार बाळगून असलेली असंख्य माणसे म्हातारी होऊन, नातवंडे खेळवून गेली, त्यांना एमएस झाला नाही. त्यानंतर पुढली तीसेक वर्षे हाती फारसे काही लागले नाही. २००७ मध्ये आणखी दोन जनुके पक्की झाली. मग अनेक देशांच्या संशोधकांनी एकत्र येऊन २०१९ मध्ये जो मोठा अभ्यास प्रसिद्ध केला त्यात ४७,४२९ रोगी आणि ६८,३७४ निरोगी माणसे तपासली होती. किती जागा सापडल्या? २३३! एक नव्हे, दोन नव्हे. त्यातल्या बहुतेकींचा वाटा चिमूटभर. त्यातल्या पुष्कळशा तुमच्याकडे आहेत, माझ्याकडेही असतील. भाजीत तिखटमीठ पडावे तशा त्या प्रत्येकाच्या वाट्याला कमीअधिक आलेल्या आहेत.

जुळ्यांचा दाखला तर आणखी बोलका आहे. एकाच गर्भापासून झालेल्या जुळ्या भावंडांची जनुके सारखी असतात. कॅनडातील मोठ्या पाहणीत अशा जोडीपैकी एकाला एमएस असेल तर दुसऱ्याला तो झाला सुमारे चारांतील एका जोडीत. म्हणजे तीच जनुके असूनही चारांतील तिघे सुटले. साध्या सख्ख्या भावंडांत हा धोका शंभरात तिघांच्या आसपास. शंभर बहिणींपैकी सत्त्याण्णव सुटतात, आणि हा आकडा कॅनडाचा, जिथे हा आजार मुळातच आपल्यापेक्षा पुष्कळ जास्त आहे. तिथल्याच दत्तक मुलांच्या अभ्यासात असे दिसले की एमएसच्या रोग्याबरोबर एका घरात वाढलेल्या, पण रक्ताचे नाते नसलेल्या माणसांना चारचौघांपेक्षा जास्त धोका नसतो. तेव्हा ताटात जेवल्याने, कपडे घातल्याने, संसार केल्याने हा आजार लागत नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण सुनेची ताटवाटी वेगळी ठेवल्याचे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

मग जनुकांखेरीज काय? २०२२ मध्ये अमेरिकेच्या सैन्यदलातील एक कोटीहून अधिक जणांच्या नोंदींवरून आणि साठवलेल्या रक्तावरून असे सिद्ध झाले की एपस्टाइन-बार नावाच्या विषाणूचा संसर्ग झाल्यानंतर एमएसचा धोका बत्तीस पटींनी वाढतो. पण हा विषाणू जगातल्या बहुतेक प्रौढांच्या अंगात असतोच, आणि बहुतेकांना काही होत नाही. ड जीवनसत्त्वाची कमतरता, धूम्रपान, कुमारवयातील लठ्ठपणा यांचाही थोडाथोडा हात आहे. एकूण, बऱ्याच गोष्टी जुळून याव्या लागतात.

आपल्याकडे "त्यांच्या रक्तात दोष आहे" असे फार सहज बोलले जाते. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात हजारो वर्षांपूर्वीच्या सांगाड्यांमधील जनुके तपासली, तेव्हा दिसले की एमएसचा धोका वाढवणारी जनुके सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी गवताळ प्रदेशातील गुराख्यांबरोबर युरोपात आली. गुरांच्या सहवासात होणाऱ्या संसर्गांपासून ती बहुधा त्यांचे रक्षण करीत असावीत, म्हणून टिकली. त्या काळी जे कवच होते ते आज काहींना जाचक झाले. याला दोष म्हणायचे की वारसा? मुंबईच्या पारशी समाजात १९८० च्या दशकात केलेल्या पाहणीत एमएसचे प्रमाण लाखामागे वीसहून अधिक निघाले, आपल्याकडील इतरांपेक्षा पुष्कळच जास्त. त्या समाजाने मुंबईला काय काय दिले हे मी सांगायला नको. रक्तातील दोषाची भाषा किती पोकळ आहे हे यावरून कळावे.

पण वाचकहो, नाण्याची दुसरी बाजू मला याहून जास्त अस्वस्थ करते. आपण "घराण्यात आहे का?" हे जिथे विचारून फारसा उपयोग नाही तिथे विचारतो, आणि जिथे खरी आनुवंशिकता आहे तिथे "आमच्या घराण्यात कुणाला नाही" असे म्हणून निर्धास्त राहतो.

काही वर्षांपूर्वी एक चौदा वर्षांचा मुलगा माझ्याकडे आणला. अक्षर बिघडले होते, हात थरथरत, बोलणे तोंडातल्या तोंडात. शाळेत मार खाऊन झाला होता, देवऋषी करून झाले होते. आईवडील धडधाकट, दोन्हीकडचे आजीआजोबा धडधाकट. वडिलांनी मामाची मुलगी केलेली. बुबुळाच्या कडेला तपकिरी झाक वाटली म्हणून मी त्याला मोठ्या रुग्णालयात पाठवले. निदान झाले विल्सनचा आजार. यात शरीरातील तांबे बाहेर टाकले जात नाही, ते यकृतात आणि मेंदूत साठते. तेराव्या गुणसूत्रावरील एका जनुकाचा हा खेळ. आई आणि वडील दोघांकडे एकेक बिघडलेली प्रत असते, पण दुसरी चांगली असल्याने त्यांना काहीच होत नाही. दोन्ही बिघडलेल्या प्रती मुलाकडे आल्या की आजार. दर खेपेला शक्यता चारांत एक. नात्यातल्या लग्नात दोघांकडे तीच बिघडलेली प्रत असण्याचा संभव वाढतो. म्हणजे घराण्यात कुणालाही नसताना आजार शंभर टक्के आनुवंशिक!

आणि हा आजार असा की लवकर सापडला तर औषध आहे. पेनिसिलामाइन १९५६ पासून आहे, जस्ताच्या गोळ्या आहेत. औषध जन्मभर घ्यायचे, मनाने बंद करायचे नाही. म्हणून मी त्या वडिलांना म्हणालो, धाकट्या मुलीलाही तपासून आणा. ते मला म्हणाले, "तिला काही होत नाही हो, कशाला उगीच नाव लागायला?" मला चार वेळा त्यांच्या घरी जावे लागले. मुलगी तपासली, तिलाही निघाला. मेंदूवर परिणाम होण्याआधी गोळ्या सुरू झाल्या. आज ती नोकरी करते. भाऊ पुष्कळ सुधारला, पण हाताची थरथर पूर्ण गेली नाही. "नाव लागेल" या भीतीपुढे मी मान तुकवली असती तर काय झाले असते, याचा विचार करवत नाही.

तेव्हा माझे मत स्पष्ट सांगतो. एमएससाठी, धाकट्या बहिणीचे लग्न ठरवण्यासाठी म्हणून, जनुकांची कोणतीही तपासणी करू नका. हल्ली शहरातल्या काही लॅब "संपूर्ण जनुकीय तपासणी"ची पॅकेजे विकतात, लाळेचा नमुना पाठवा, सगळे भविष्य कळेल असा थाट असतो. छत्तीस गुणांच्या पत्रिकेत आता ही दुसरी पत्रिका. एमएसच्या बाबतीत तिचा उपयोग शून्य. उलट हंटिंग्टन, एससीए, विल्सन, मुलग्यांमधला स्नायू झिजण्याचा ड्युशेन आजार, अशा एका जनुकाच्या आजारांत तपासणीला अर्थ आहे, पण तीही मज्जाविकारतज्ज्ञ किंवा आनुवंशिकीचे तज्ज्ञ यांच्याशी बसून, नीट समजून घेऊन. जिथे उपाय आहे तिथे चटकन करावी. हंटिंग्टनसारखा रोखण्याचा उपाय नसलेला आजार असेल तर निरोगी माणसाने तपासणी करायची की नाही हे त्या सज्ञान माणसानेच ठरवावे, सासऱ्याने नव्हे.

मग एवढ्या खर्चाच्या संशोधनाचा उपयोग काय, असे कोणी विचारील. उपयोग आहे. सापडलेली बहुतेक जनुके प्रतिकारशक्तीच्या पेशींमध्ये काम करणारी निघाली, त्यामुळे आजाराचे मूळ कुठे शोधायचे हे पक्के झाले. एक उदाहरण देतो. संधिवातात टीएनएफ नावाच्या द्रव्याला अडवणारी औषधे वापरतात. तसेच एक औषध एमएसमध्ये वापरून पाहिले, तर १९९९ च्या अहवालात रोग्यांचे झटके वाढलेले दिसले. असे का, ते २०१२ मध्ये जनुकांनी सांगितले : एमएसचा धोका वाढवणारे एक जनुक अगदी त्या औषधासारखेच, टीएनएफला अडवण्याचे काम करते. म्हणून संधिवातासाठी अशी इंजेक्शने सुचवली गेली आणि घरात कुणाला एमएस असेल, तर तेवढे आपल्या डॉक्टरांच्या कानावर जरूर घाला. इथे "घराण्यात आहे का?" हा प्रश्न योग्य जागी पडतो.

एक खंत मात्र आहे. हे मोठमोठे अभ्यास प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या लोकांवर झालेले आहेत. आपल्याकडे जीनोम इंडिया प्रकल्पात देशभरातल्या दहा हजार माणसांची जनुकवाचने झाली, ही सुरुवात चांगली आहे. पण तो निरोगी माणसांचा नकाशा. आपल्या रोग्यांच्या नोंदी ठेवल्या गेल्या नाहीत, तर कॅनडाच्या आकड्यांवरूनच आम्ही इथल्या बापांना उत्तरे देत बसणार.

त्या गृहस्थांना हे सगळे सांगायला मला पाऊण तास लागला. प्रिस्क्रिप्शनच्या कागदावर तार काढली, वेष्टण काढले. शेवटी ते म्हणाले, "मग मुलाकडच्यांना सांगू की नको?" मी म्हटले, सांगा, लपवू नका. आणि त्यांना शंका असेल तर तुम्ही स्वतः त्यांना घेऊन या, तुमच्यासमोर मी बोलेन, तुमच्यामागे बोलणार नाही. मग थोरलीचे बोललो. झटके कमी करणारी औषधे आज आहेत, जितकी लवकर सुरू होतील तितके बरे. २०१६ च्या अपंगांविषयीच्या कायद्यात मल्टिपल स्क्लेरॉसिसचा नावानिशी समावेश आहे, पुढे गरज पडली तर प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो. हे त्यांना कोणीच सांगितलेले नव्हते.

पंधरा दिवसांनी ते खरोखरच मुलाला आणि त्याच्या आईला घेऊन आले. मी पुन्हा तार काढली. आईने दोनचार प्रश्न विचारले, चांगले नेमके विचारले. सोयरीक ठरली की नाही ते मला अजून कळलेले नाही. उठता उठता मुलाने एवढेच विचारले, की थोरल्या ताईंना उन्हाचा त्रास होतो असे ऐकले, ते खरे का. खरे आहे, मी म्हणालो, अंग तापले की या आजाराची लक्षणे तेवढ्यापुरती वाढतात. तेव्हा मे महिन्यातला दुपारचा मुहूर्त तेवढा धरू नका.